धूळपाटी आणि ताम्रपट

सोशल मीडियावर कुणीतरी एक दिवस लिहितं, "मी इथलं खातं कायमचं डिलीट करतेय, ज्यांना संपर्कात राहायचंय त्यांनी नंबर घ्यावा," आणि तासाभरात त्या दोन ओळींखाली रणकंदन माजतं. एका बाजूचे म्हणतात, ही पळवाट आहे, टीका सोसवत नाही म्हणून मैदान सोडलं; जायचंच तर गुपचूप जा, दवंडी कशाला पिटायची; आणि बघालच, आठ दिवसांत परत येईल. दुसऱ्या बाजूचे तोंड भरून अभिनंदन करतात, जणू कुणी व्यसनातून सुटलं, आणि त्या भरात मागे राहिलेल्या सगळ्यांना दुबळं ठरवून मोकळे होतात. हा वाद मी गेली काही वर्षं वाचते आहे आणि दर वेळी अस्वस्थ होते, कारण दोन्ही बाजूंचं भांडण जाणाऱ्या माणसाच्या स्वभावावरून चाललेलं असतं. तो खंबीर की भित्रा, शहाणा की नाटकी? ते बटण दाबल्यावर नेमकं काय पुसलं जातं, काय उरतं, उरलेलं कुणाच्या ताब्यात राहतं, आणि बाहेर पडायला इतके उंबरे का ओलांडावे लागतात, हे कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. खातं कायमचं मिटवण्यात शौर्य नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. आपण लिहिलेलं, आपण दाखवलेलं आवरून घेऊन उठून जाणं, एवढीच ती गोष्ट आहे. पण ही एवढीशी गोष्ट करण्याचा हक्क माणसाला पुरेपूर हवा: आत येताना जेवढे कष्ट पडले तेवढ्याच कष्टात, कारण न सांगता, आणि 'कायमचं' या शब्दाला जागून. आज तो हक्क कागदावर आहे, व्यवहारात मात्र त्याला जागोजागी भोकं पाडलेली आहेत. आपल्या वादातला सगळा जोर या भोकांवर लागायला हवा होता.

मुळात शब्दांचाच घोळ आहे. खातं बंद करणं आणि खातं मिटवणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि कितीतरी लोक पहिली करून दुसरी केल्याच्या समाधानात असतात. डिअ‍ॅक्टिव्हेट केलं की खोलीला कुलूप लागतं. सामान आत जसंच्या तसं राहतं. डिलीट म्हणजे खोली रिकामी करणं, आणि ते लगेच होत नाही. फेसबुकवर तशी विनंती दिली की ३० दिवसांची मुदत सुरू होते. २०१८ पर्यंत ती १४ दिवसांची होती. मुदत संपल्यावर मजकूर काढायला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो आणि बॅकअपमधल्या प्रती त्यानंतरही राहू शकतात, असं कंपनीच सांगते. इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स (पूर्वीचं ट्विटर) यांच्याकडेही ३० दिवसांचीच वाट पाहायला लावतात. तुम्ही दुसऱ्यांना पाठवलेले मेसेज त्यांच्या इनबॉक्समध्ये राहतात ते वेगळंच. हे सगळं मदतीच्या पानांवर लिहिलेलं आहे, शोधणाऱ्याला सापडतं. पण लिहिलेलं आणि घडलेलं यांचा मेळ नेहमी होताच असं नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, फेसबुकवर जे आरोप ठेवले त्यांतला एक हाच होता: खातं बंद केलं किंवा मिटवलं की फोटो आणि व्हिडिओ कुणाला दिसणार नाहीत असं कंपनीने सांगितलं, प्रत्यक्षात ते उघडता येत होते. कंपनीने तेव्हा तडजोड केली. त्या काळात किती जणांनी आपले फोटो गेले असं समजून निर्धास्त झोप घेतली असेल?

मी गेल्या वर्षी माझं एक तेरा वर्षांचं खातं मिटवलं. उघडताना नाव, ईमेल, जन्मतारीख आणि पासवर्ड एवढंच लागलं होतं. दोन मिनिटांचं काम. मिटवायचा पर्याय मात्र सेटिंगच्या यादीत, त्या यादीच्या आतल्या यादीत, आणि तिच्याही पोटात होता, आणि त्याच्या नावात 'मिटवा' हा शब्दच नव्हता. तिथे पोचल्यावर प्रश्नांची रांग. का जाताय? नोटिफिकेशन जास्त येतात का, मग ती कमी करून बघा. थोडी विश्रांती हवी आहे का, मग तात्पुरतं बंद ठेवा. एका पडद्यावर माझ्या ओळखीच्या पाच जणांचे फोटो आले, ही माणसं तुमच्यापासून दुरावतील अशा अर्थाच्या ओळीसकट. त्या पाचांतली एक माझी मैत्रीण होती. ती तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा तो हसरा फोटो, ट्रेकला जाताना गळ्यात मफलर गुंडाळलेला, मीच काढलेला, माझ्याच समोर धरून एक यंत्र मला थांब म्हणत होतं. मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसले. पुढच्या बटणावर बोट ठेवायला मला त्या रात्री जमलं नाही. ते दुसऱ्या दिवशी दुपारी जमलं. आणि मग एकोणिसाव्या दिवशी सकाळी ईमेल आली, 'पुन्हा स्वागत आहे'. आदल्या रात्री जुन्या टॅबवर पुस्तकं वाचायचं एक अ‍ॅप उघडलं होतं, ते कधीकाळी याच खात्यातून लॉगिन केलेलं. तेवढ्याने मुदत रद्द झाली, खातं जिवंत झालं, आणि मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागली. मला परत यायचं आहे का, असं कुणी विचारलंही नव्हतं.

ही तक्रार माझ्यापुरती राहिली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण यामागे एक जुना प्रश्न आहे: माणूस लिहितो तेव्हा ते कशावर लिहितो? पूर्वी मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, चुकलं की हाताने सपाट करायचं आणि पुन्हा काढायचं. राजे दानपत्र द्यायचे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून, आचंद्रार्क टिकावं म्हणून. लिहिणाऱ्याला हातातल्या वस्तूवरूनच कळायचं की हे टिकायचं आहे की पुसलं जायचं आहे, आणि तो त्या बेताने लिहायचा. सोशल मीडियाने आपल्यापुढे धूळपाटी ठेवली आणि धुळीखाली तांब्याचा पत्रा घातला. रात्री रागाच्या भरात टाकलेली ओळ, सतराव्या वर्षीचा प्रेमभंग, आजारपणातल्या हवालदिल रात्री, एखाद्या वादात तावातावाने घेतलेली आणि महिन्याभरात बदललेली बाजू, हे सगळं आपण बोलण्याच्या सुरात लिहिलं आणि ते शिलालेखासारखं जपलं गेलं. बोललेलं विरतं म्हणून तर माणसं मोकळेपणी बोलतात, चुकतात, एकमेकांना माफ करतात. एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या चार मैत्रिणींना उद्देशून जे लिहिलं, ते तिच्या पस्तिसाव्या वर्षी नोकरी देणाऱ्याने, होणाऱ्या सासरच्यांनी किंवा एखाद्या अनोळखी वैऱ्याने तारखेसकट उकरून काढावं, असा करार तिने कधी केला होता? अटींच्या लांबलचक पानावर केला होता, असं वकील म्हणतील. पण आपण काय करतोय असं तिला वाटत होतं, हा प्रश्न त्या पानाने सुटत नाही. पुसायला निघालेला माणूस काहीतरी लपवतोय, असा संशय घेणाऱ्यांनी एवढंच बघावं की त्याला दाखवली गेली होती ती धूळपाटी, आणि तो आज तिच्यावरून हात फिरवायला मागतोय.

आता विरोधकांचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेते. ते म्हणतात, तू जे चारचौघांत बोललीस ते तुझ्या एकटीचं राहिलेलं नाही. तुझ्या लेखाखाली वीस जणांनी विचारपूर्वक लिहिलं, ती एक चर्चा होती. तू खातं मिटवलंस की मधला खांब गेला आणि उरलेली वाक्यं हवेत लोंबकळली. आणि सत्तेतल्या माणसाने आपलं कालचं विधान पुसलं तर त्याला जाब कसा विचारायचा? हे म्हणणं खरं आहे आणि मी ते मान्य करते. निवडून आलेल्या लोकांचे डिलीट केलेले ट्वीट जपून ठेवणारा पॉलिट्वूप्स नावाचा उपक्रम होता. २०१५ मध्ये ट्विटरने त्याची वाट अडवली, आणि कारण असं दिलं की मजकूर मागे घेणं हाही बोलण्याचाच भाग आहे आणि त्यात कुणाला झुकतं माप देता येणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीला कंपनीने तो निर्णय फिरवला. मला फिरवलेला निर्णय बरोबर वाटतो. सार्वजनिक पदावरच्या माणसाचं पदावरून बोललेलं त्याचं खासगी नाही. ते दप्तरात राहिलंच पाहिजे. युरोपच्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही मजकूर पुसून घेण्याच्या हक्काला अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सार्वजनिक हित, इतिहास-संशोधनाची दप्तरं अशा मर्यादा घातलेल्या आहेत. मोठ्या माणसाला जाब विचारण्याची ही गरज खरी आहे म्हणून तीच फूटपट्टी कॉलेजच्या मुलाला लावायची का? मंत्र्याचं ट्वीट आणि एखाद्या गृहिणीने प्रसूतीनंतरच्या उदासीत लिहिलेली पोस्ट यांना सरसकट 'सार्वजनिक नोंद' म्हणणं हा आळशी विचार आहे.

यातला फरक इतिहासाने फार पूर्वी दाखवून दिलेला आहे. रोममध्ये काराकाला या सम्राटाने आपल्या भावाला, गेटाला, मारवलं आणि मग साम्राज्यभरच्या शिलालेखांवरून त्याचं नाव छिन्नीने खरवडून काढलं. स्टालिनच्या शेजारी उभा असलेला त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरल्यावर फोटोतूनच नाहीसा केला गेला. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली अशी आपली परंपरा सांगते, आणि ती लोकांच्या कंठातून तरली असंही सांगते. या सगळ्या पुसण्यांनी आपल्या मनात भीती बसवली आहे, आणि ती योग्य आहे. पण या प्रत्येक ठिकाणी बलवान दुर्बळाचं पुसत होता. कोण कुणाचं पुसतंय, हा पहिला प्रश्न विचारला की अर्धा गोंधळ मिटतो. खातं मिटवणारा स्वतःचं पुसतो, तेही स्वतःहून कितीतरी पटींनी बलवान असलेल्याच्या दप्तरातून.

आणि तुमच्या आठवणी आम्ही जपतो असं सांगणाऱ्यांनी त्या किती जपल्या? याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, लोकांनी हाताने बांधलेली असंख्य पानं त्यात गेली. जी वाचली ती स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतली म्हणून. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. मायस्पेसने तर २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले, बारा वर्षांचा ऐवज. त्यातल्या कित्येक गायकांकडे दुसरी प्रत नसणार. कंपनीने पुसलं की तो व्यवसायाचा निर्णय किंवा तांत्रिक बिघाड. वापरणाऱ्याने पुसायचं म्हटलं की मात्र तीस दिवस विचार करा, मित्रांचे चेहरे बघा, कारण सांगा. या दोन वागण्यांना एकच नियम का लागू नसावा?

"काही उपयोग नाही, तुमचा डेटा गेलाय तो गेलाच," हे दुसरं म्हणणं. हे बहुतेक थकलेल्या माणसांचं असतं, आणि मला त्यांचा थकवा समजतो, कारण वस्तुस्थिती म्हणून ते पुष्कळसं खरं आहे. मी खातं मिटवण्याआधी माझी सगळी माहिती उतरवून घेतली. त्या झिप फाइलमध्ये एका फोल्डरात माझ्या फोनमधली नावं आणि नंबर होते, कधीतरी 'मित्र शोधा' वर बोट पडलं असणार. त्यात माझ्या मावशीचा लँडलाइन नंबर होता. मावशीने आयुष्यात कधी कुठे खातं उघडलं नाही, तिच्याकडे साधा फोन होता. तिला न विचारता तिचं नाव मीच देऊन ठेवलं होतं, आणि माझं खातं गेल्यावर तो नंबर गेला का, हे मला कुणी सांगितलं नाही. ही काही माझ्या मनातली शंका नाही. २०१३ मध्ये फेसबुकमधल्या एका दोषामुळे सुमारे ६० लाख लोकांचे ईमेल आणि फोन नंबर भलत्यांच्या हाती पडले, आणि त्यात इतरांनी आपल्या फोनमधून चढवलेले नंबरही होते. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांनी सुरक्षेचं कारण देत मान्य केलं की खातं नसलेल्यांचीही माहिती कंपनी गोळा करते.

पण यावरून 'म्हणून काही करू नका' हा निष्कर्ष कसा निघतो? गळक्या छपराला दुरुस्ती लागते. पाऊस पडणारच, असं म्हणून कुणी गप्प बसत नाही. मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियातला कायद्याचा विद्यार्थी. २०११ मध्ये त्याने फेसबुककडे आपल्याबद्दलची माहिती मागितली आणि त्याला १,२०० हून अधिक पानं मिळाली. त्याने स्वतः डिलीट केलेल्या गोष्टीही त्यांत होत्या. त्याला कळलं की डिलीट म्हणजे बहुतेक वेळा 'तुला दिसू नये' एवढंच. त्याने तक्रारी केल्या. त्यांतून उभ्या राहिलेल्या लढाईत २०१५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने युरोप आणि अमेरिका यांच्यातला डेटा पाठवण्याचा करार रद्द केला, आणि त्याच्या जागी आलेला नवा करारही २०२० मध्ये रद्द केला. एका विद्यार्थ्याने स्वतःची फाइल मागितली, त्याचा हा परिणाम. जाणारा प्रत्येक माणूस काही न्यायालयात जाणार नाही, जायची गरजही नाही. पण कायमचं म्हणजे काय, काय उरलं, कधीपर्यंत उरेल, एवढा लेखी हिशोब जाताना प्रत्येकाच्या हातात पडला पाहिजे. भाड्याचं घर सोडताना मालक अनामत रकमेचा हिशोब देतो. इथे तेवढंही नाही.

तीस दिवसांच्या मुदतीबद्दल मी वर रागाने लिहिलं, तरी तिची बाजू पोकळ नाही. कुणाचं खातं चोरीला जातं आणि चोर ते मिटवायला निघतो. कुणी भांडणाच्या तिरमिरीत सगळं उडवतं आणि सकाळी लेकराच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ आठवून रडतं. अशांसाठी थोडी सवड हवीच, आणि उद्या नियम करायला मला बसवलं तर मीही ती ठेवीन. माझा आक्षेप आहे तो चोरपावलांनी खातं जिवंत करण्यावर. परत यायचं असेल तर माणसाने स्पष्टपणे 'हो, मला परत यायचंय' म्हणावं लागावं. कुठलं तरी भलतंच अ‍ॅप उघडलं म्हणून तो परतला असं धरू नये. हा आक्षेप काही हवेतला नाही. २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरमध्ये लिहिलं आहे की संमती मागे घेणं हे संमती देण्याइतकंच सोपं हवं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही तेच तत्त्व आहे. तरीही ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं त्याच अ‍ॅपमधून ते मिटवताही आलं पाहिजे, हा साधा नियम अ‍ॅपलने आपल्या अ‍ॅपच्या दुकानात जून २०२२ अखेर लागू केला. आयफोन येऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्याही आधी, २००९-१० मध्ये, रॉटरडॅममधल्या काही कलाकारांनी एक प्रोग्राम केला होता. पासवर्ड दिला की तो तुमच्या वतीने एकेक मित्र काढत, एकेक पोस्ट काढत खातं रिकामं करायचा. फेसबुकने त्यांची वाट अडवली आणि वकिलाची नोटीस धाडली. बाहेर जाणाऱ्याचं सामान उचलू लागणारा हमालसुद्धा नको होता.

ज्या आक्षेपापुढे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले तो मात्र वेगळाच आहे: खातं मिटवणं ही चैन आहे. ज्याचा धंदा तिथल्या पानावर चालतो, ज्या बाईला घराबाहेर पडता येत नाही आणि जगाशी बोलायची तिची तेवढीच खिडकी आहे, दुर्मीळ आजार असलेल्या मुलाच्या आईवडिलांना आपल्यासारखी आणखी चाळीस कुटुंबं फक्त त्या एका ग्रुपवर सापडली आहेत, ज्याला आपल्या घरच्यांना आपण कोण आहोत हे सांगता येत नाही आणि तिथल्या टोपणनावामागे श्वास घेता येतो, त्यांनी काय करायचं? त्यांना 'सोडा, बरं वाटेल' असं सांगणं निर्दयपणाचं आहे. सोडल्याने बरं वाटतं हेही अर्धंच खरं. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधी अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांचा रोजचा सरासरी तास वाचला, त्यांना थोडंसं बरं वाटलं, राजकीय कट्टरपणा कमी झाला, आणि प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर कमीच राहिला. पण त्यांना घडामोडींची माहितीही कमी झाली. सोडणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनी दोघांनीही हा निष्कर्ष पूर्ण वाचावा.

म्हणूनच मी कुणालाही सोडायला सांगत नाही. पण हा आक्षेप घेणाऱ्यांना एक विचारते: सोडणं ही चैन कुणी केली? बेलची मूळ पेटंटं १८९३-९४ मध्ये संपल्यावर अमेरिकेत गावोगावी दुसऱ्या टेलिफोन कंपन्या उभ्या राहिल्या, आणि एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. दुकानदारांना, डॉक्टरांना टेबलावर दोन-दोन फोन ठेवावे लागत. कंपनी सोडणं म्हणजे तिच्या सगळ्या ग्राहकांना मुकणं. १९१३ मध्ये सरकारच्या दबावाखाली बेलच्या कंपनीने, एटी अँड टीने, स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी जोडून घ्यायचं कबूल केलं, तिथून चित्र पालटायला लागलं. आज कुणी टेलिफोन कंपनी बदलली तर तो समाजातून उठला असं आपण म्हणत नाही. नंबरसुद्धा तोच राहतो. ईमेल देणारी कंपनी बदलली तरी जुन्या मित्रांना पत्र जातंच. कंपनी सोडणं आणि माणसं सोडणं या दोन गोष्टी तिथे वेगळ्या आहेत. सोशल मीडियावर त्या एकत्र शिवून टाकल्या आहेत, आणि ही शिवण म्हणजे निसर्गनियम नव्हे, ती कुणीतरी घातलेली आहे. मॅस्टोडॉनसारख्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांवर चालणाऱ्या जाळ्यांत एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना फॉलोअर बरोबर नेता येतात. युरोपने २०२२ च्या कायद्याने मोठ्या मेसेजिंग सेवांना दुसऱ्या सेवांशी जोडून घ्यायला भाग पाडलं आहे. त्या आजारी मुलाच्या आईला हे हवं आहे. तिच्या अडचणीचं नाव पुढे करून दार बंद ठेवणारे तिच्या बाजूचे नाहीत.

चांगली माणसं गेली तर मैदान वाईटांना मोकळं मिळतं, असंही म्हणतात. मिळत असेल. पण एखाद्या खासगी कंपनीच्या अंगणात सभ्यपणाचा पहारा द्यायची जबाबदारी कुणावर जन्मभराची असू शकत नाही, तीही बिनपगारी. जाण्याने कंपनीला धडा शिकवता येतो यावरही माझा विश्वास नाही. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण फुटल्यावर, म्हणजे त्या राजकीय सल्लागार कंपनीने कोट्यवधी फेसबुककरांची माहिती त्यांना न विचारता मिळवली हे उघड झाल्यावर, मार्च २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे सहसंस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनीच फेसबुक डिलीट करा असं जाहीर सांगितलं होतं. जगभर गाजावाजा झाला. फेसबुक वापरणारे त्यानंतरही वाढतच गेले.

माझं खातं शेवटी गेलं. मोजणी दुसऱ्यांदा सुरू करताना मी त्या जुन्या टॅबवरची सगळी अ‍ॅप काढून टाकली, आणि मैत्रिणीचा तो मफलरवाला फोटो आधी उतरवून घेतला, तिच्या आईला पाठवला. मुदत संपल्यानंतर दोन आठवड्यांनी एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "अगं, तुझ्या नावाच्या जागी नुसता राखाडी गोल दिसतोय. पण आपलं बोलणं सगळं आहे माझ्याकडे. बाबा आयसीयूत होते तेव्हा तू रोज रात्री लिहायचीस, ते परवा वाचत बसलो होतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तू सगळं पुसलंयस. तुला नको असेल तर मीही काढू का?" ते शब्द माझे होते, पण ज्या रात्री ते लिहिले गेले त्या रात्री त्याच्या होत्या. मी म्हटलं, ठेव.